सायरन वाजला: आत जायचं, वर चढायचं की दूर निघायचं?

२२ मे १९६० च्या रात्री साडेआठच्या सुमारास हवाई बेटांवरच्या हिलो शहरात त्सुनामीचे भोंगे वाजले. चिलीतल्या प्रचंड भूकंपाने उठलेल्या लाटा पोचायला अजून काही तास अवकाश होता. चालत निघालं तरी सगळं शहर सुरक्षित उंचीवर पोचू शकलं असतं. मध्यरात्रीनंतर लहान लाटा आल्या, आणि एकच्या सुमारास ती मोठी लाट आली. ६१ माणसं गेली. नंतर वाचलेल्यांशी बोलल्यावर कळलं की भोंगा बहुतेकांनी ऐकला होता. कुणाला वाटलं की हा पहिला इशारा आहे, निघायचा भोंगा वेगळा वाजेल. कुणी घरातच पुढच्या बातमीची वाट पाहत बसलं, तर कुणी लाट बघायला किनाऱ्याकडे गेलं.

म्हणजे यंत्रणेने तिचं काम वेळेत केलं होतं. घोळ झाला तो भोंगा ऐकल्यावर नेमकं काय करायचं, या प्रश्नावर. सायरन फक्त ‘धोका आहे’ एवढंच सांगतो. कसला धोका, किती वेळ हातात आहे, घरात थांबायचं की घर सोडायचं, यातलं काहीही त्या आवाजात नसतं. ती उत्तरं सायरन वाजायच्या आधी आपल्या डोक्यात असावी लागतात. म्हणून या लेखातला मोठा भाग शांततेच्या दिवशी करायच्या कामांचा आहे.

तुमच्या भागात भोंगे कशासाठी बसवले आहेत?

पहिलं काम हे. आपण राहतो तिथे सायरन वाजण्याची खरी कारणं कोणती, हे शोधून काढायचं. ती सहसा दोन-तीनच असतात. नदीकाठी आणि वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी सोडण्याचा इशारा. रासायनिक कारखान्याच्या आसपास वायुगळतीचा. समुद्रकिनारी त्सुनामीचा किंवा वादळाचा. लष्करी तळ, मोठं बंदर, सीमाभाग असेल तर हवाई हल्ल्याचा. अणुऊर्जा केंद्राजवळ किरणोत्साराचा. रानाला लागून वस्ती असेल तर वणव्याचा.

ही माहिती नागरी संरक्षण दल, आपत्ती व्यवस्थापन कक्ष, अग्निशमन दल यांच्याकडे मिळते. कारखान्याशेजारी राहत असाल तर कारखान्याच्या सुरक्षा विभागाला थेट विचारा: तुमच्याकडे कोणते वायू साठवलेले आहेत, बाहेरच्या वस्तीसाठी वेगळा भोंगा आहे का, आणि तो वाजला तर आम्ही घरात थांबायचं की निघायचं? हे विचारायचा रहिवाशांना पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा असं मला मनापासून वाटतं.

आवाजाचा अर्थ जागेनुसार बदलतो

सायरनची भाषा जगभर एकच असेल असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो. भारतात नागरी संरक्षणाचा वरखाली होत जाणारा भोंगा म्हणजे धोका, आणि एकसुरी लांब भोंगा म्हणजे धोका टळला. जर्मनीतही तसंच आहे: एक मिनिट वरखाली म्हणजे इशारा, एक मिनिट एकसुरी म्हणजे संपलं. पण हवाईमध्ये एक मिनिटाचा एकसुरी भोंगा हाच धोक्याचा इशारा आहे. ऑस्ट्रियात तीन मिनिटं एकसुरी वाजला तर सावध राहा, एक मिनिट वरखाली वाजला तर धोका दारात आला आहे, आणि एक मिनिट एकसुरी म्हणजे धोका टळला. स्वित्झर्लंडमध्ये धरणांखालच्या गावांसाठी वेगळाच सूर आहे: खर्जातले बारा भोंगे, प्रत्येकी २० सेकंदांचे, मध्ये १० सेकंदांची शांतता. तो ऐकला की लगेच बाहेर पडायचं असतं. उरलेल्या देशातला नेहमीचा भोंगा मात्र आत जा आणि रेडिओ लावा असं सांगतो.

तेव्हा नव्या गावात किंवा परदेशात राहायला गेलात तर तिथला अर्थ पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. धोक्याचा आणि धोका टळल्याचा, हे दोन सूर घरातल्या प्रत्येकाला ओळखता आले पाहिजेत. अर्थ आठवत नसेल आणि भोंगा वाजतोय, तर तो धोक्याचाच धरून चाला.

आणखी एक गोष्ट. हे भोंगे मुख्यतः घराबाहेर असलेल्यांसाठी असतात. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, वाऱ्याची दिशा उलटी असेल तर आणखी. बंद खिडक्या, पंखा, टीव्ही, गाढ झोप, एवढ्यावर मात करून तो बेडरूमपर्यंत पोचेल याची खात्री नाही. म्हणून दुसरा मार्ग हवाच. मोबाइलवर येणारा सेल ब्रॉडकास्ट इशारा त्यासाठी चांगला. तो नंबर बघून पाठवला जात नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम पोचतो आणि नेटवर्कवर ताण असतानाही सहसा अडकत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत का, हे आत्ता बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर तर आधी बघा, कारण मागे कधीतरी चाचणीचा तो कर्कश आवाज ऐकून कुणीतरी सूचना बंद करून ठेवलेल्या असतात. शिवाय सेलवर चालणारा एक लहान रेडिओ आणि जादा सेल.

तीन दिशा

धोके अनेक असले तरी हालचाली तीनच. हवेतून येणाऱ्या गोष्टीपासून वाचायला आत जायचं: विषारी वायू, किरणोत्सार, हवाई हल्ला, चक्रीवादळ. पाण्यापासून वाचायला वर चढायचं. आगीपासून दूर निघायचं.

पाण्याच्या भोंग्याला तळघरात गेलात किंवा वायूच्या भोंग्याला रस्त्यावर धावलात, तर सायरन ऐकून नुकसानच होईल. ८ ऑगस्ट २०२३ ला हवाईच्या माउई बेटावर लाहायना शहर वणव्यात जळालं तेव्हा तिथले भोंगे वाजवलेच गेले नाहीत. तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्रमुखांनी नंतर कारण दिलं ते असं: लोकांच्या मनात तो भोंगा त्सुनामीशी जोडलेला आहे, तो ऐकून माणसं डोंगराकडे पळाली असती आणि आग तिकडेच होती. हा निर्णय योग्य होता का यावर पुढे बरीच टीका झाली. पण भोंगा आणि एकच ठरावीक हालचाल यांची गाठ लोकांच्या मनात किती घट्ट बसते, ते यावरून कळतं. म्हणून आपल्या भागातल्या प्रत्येक संभाव्य कारणासमोर आत, वर किंवा दूर हा शब्द लिहून कागद दाराच्या मागे चिकटवा.

भोंगा ऐकू आला. आता क्रमाने:

१. हातातलं काम तिथेच सोडा. गॅसवर काही असेल तर बटण बंद करा. बाहेर असाल तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा. गाडीत असाल तर काच किंचित खाली करून सूर नीट ऐका, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्या.

२. घरातल्यांना मोठ्याने हाक मारा आणि कारण माहीत नसेल तर आधी आत या. किनारा, नदीपात्र आणि धरणाखालचा सखल भाग याला अपवाद: तिथे असाल तर आधी उंची गाठा, चौकशी नंतर.

३. मगच रेडिओ, टीव्ही किंवा प्रशासनाचं अधिकृत खातं बघा. व्हॉट्सअॅपच्या गटातला आवाजी संदेश ही अधिकृत माहिती नव्हे.

४. भोंगा का वाजतोय हे विचारायला आपत्कालीन क्रमांकावर फोन करू नका. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये ७ एप्रिल २०१७ च्या मध्यरात्री कुणीतरी यंत्रणेत घुसून शहरातले सगळे १५६ भोंगे वाजवले. काही तासांत आपत्कालीन क्रमांकावर हजारो फोन गेले आणि ज्यांना खरंच रुग्णवाहिका हवी होती ते ताटकळत राहिले. तो क्रमांक जखमी, अडकलेली माणसं आणि आग यांच्यासाठी मोकळा ठेवा.

या चारही पायऱ्या दोन मिनिटांत व्हायला हव्यात. ‘खरंच आहे का?’ हे ताडून बघायला खिडकीत किंवा गच्चीवर जायची ऊर्मी सगळ्यांनाच येते. ती आवरा. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ ला आकाशात उल्का फुटली. आधी डोळे दिपवणारा प्रकाश दिसला, आणि काय झालं ते बघायला माणसं खिडक्यांशी गेली. साधारण दोन मिनिटांनी धक्क्याची लाट पोचली आणि काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी. स्फोट कसलाही असो, प्रकाश आधी येतो आणि धक्का मागून. लख्ख उजेड दिसला की खिडकीकडे पाठ फिरवून खाली बसायचं, हे मुलांना खेळ म्हणून शिकवून ठेवा.

आत: वायू आणि किरणोत्सार

यावर जरा थांबतो, कारण घराची तयारी सर्वांत जास्त इथे उपयोगी पडते. बाहेर वायू पसरलेला असताना बंद घर काही तास चांगला आसरा देतं. वायुगळती अनेकदा थोड्या वेळाची असते, ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकतो, आणि तेवढा वेळ आत हवा न शिरू देणं एवढंच साधायचं असतं.

एक खोली आधीच निवडून ठेवा: खिडक्या कमी, दार घट्ट बसणारं, शक्यतो आत पाणी आणि संडासाची सोय. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असतो आणि जमिनीलगत, तळघरात साचतो. भोपाळमध्ये १९८४ साली पसरलेला मिथाइल आयसोसायनेटही हवेपेक्षा जड. अशा वायूंचा धोका असेल तर वरच्या मजल्यावरची खोली बरी. अमोनिया हलका असतो, पण गळतीच्या वेळी तोही गार धुक्यासारखा खाली रेंगाळू शकतो. शेजारचा कारखाना काय साठवतो हे आधी विचारायचं ते याचसाठी.

खोलीत हवा कुठून येते, हे शोधायची सोपी रीत आहे. वारा असलेल्या दिवशी दारं-खिडक्या लावून घ्या. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी दोन बोटांत धरून दाराच्या चौकटीवरून, खिडकीच्या फटीवरून, एसीच्या भोकाभोवतीने हळूहळू फिरवा. जिथे पट्टी थरथरते तिथे फट आहे. बहुतेक घरांत ती सगळ्यात जोरात हलते दाराखाली आणि एक्झॉस्ट पंख्याच्या खोबणीत, आणि नेमका तोच पंखा आपल्या लक्षात राहत नाही. त्या प्रत्येक जागेच्या मापाचा जाड प्लास्टिकचा तुकडा कापून, त्यावर ‘खिडकी’, ‘एसी’ असं लिहून, रुंद चिकटपट्टीच्या रिळासोबत त्याच खोलीत ठेवा. ऐनवेळी कात्री शोधत बसावं लागत नाही.

भोंगा वाजल्यावर: सगळी दारं-खिडक्या बंद. एसी, कूलर, एक्झॉस्ट बंद. खोलीत शिरा, ओला टॉवेल दाराखाली दाबा, तुकडे चिकटवा. माणशी सुमारे १० चौरस फूट जागा असेल तर अशा बंद खोलीत पाच तासांपर्यंत हवा पुरते, असं आपत्ती यंत्रणांचं मार्गदर्शन सांगतं. मेणबत्ती, स्टोव्ह, सिगारेट काहीही पेटवू नका. नाकातोंडावर ओलं फडकं धरल्याने पाण्यात विरघळणाऱ्या वायूंचा त्रास थोडा कमी होतो; त्याच्या भरवशावर बाहेर मात्र पडू नका.

बाहेरच सापडलात तर वाऱ्याच्या दिशेला काटकोनात चाला. वायूचा ढग वाऱ्याबरोबर लांबट पट्ट्यासारखा सरकतो. वाऱ्याच्या पुढे पळालात तर तो मागून येतच राहतो, आडवे गेलात तर पट्ट्याबाहेर पडता. झेंडा, धूर, झाडाची पानं यावरून दिशा कळते.

किरणोत्साराच्या इशाऱ्यात खोली तीच, फक्त भिंतींची जाडी महत्त्वाची. इमारतीच्या मधोमध किंवा तळघरात जा. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दारातच काढून पिशवीत बांधावेत आणि अंग, केस धुवावेत. आयोडीनच्या गोळ्या आरोग्य यंत्रणेने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

आत: हवाई हल्ला

इथे वेळ सेकंदांत मोजतात. गाझा पट्टीच्या लगतच्या इस्रायली गावांना रॉकेट पडायच्या आधी साधारण १५ सेकंद मिळतात, तेल अवीवला सुमारे ९०. पंधरा सेकंदांत चपलाही घालून होत नाहीत. त्यामुळे प्रश्न असा विचारा: तुमच्या पलंगापासून सुरक्षित जागेपर्यंत घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो? रात्री दिवे बंद करून एकदा मोजा. वेळ पुरत नसेल तर दूरच्या निवाऱ्याचा नाद सोडा आणि घरातलीच जागा पक्की करा.

चांगली जागा म्हणजे बाहेर आणि तुमच्यात किमान दोन भिंती, जवळ काच नाही. आतला बोळ, खालच्या मजल्यांचा बंदिस्त जिना. सगळ्यात वरचा मजला टाळा. लिफ्ट वापरू नका. भिंतीलगत खाली बसा, डोकं आणि मान हातांनी झाका. प्रशासनाने अंधार करायला सांगितला असेल तर दिवे आधी घालवा. उघड्यावर असाल तर खड्ड्यात किंवा सखल जागी पालथे झोपा, गाड्या आणि काचेच्या इमारतींपासून लांब.

वर: पाणी

त्सुनामीत गाडी काढू नका, रस्ते तुंबतात. शक्य असेल तर पायी चढा, ३० मीटर उंची किंवा किनाऱ्यापासून ३ किलोमीटर आत हे लक्ष्य धरा. तेवढं जमलं नाही तर जितकं जमेल तितकं. जवळ टेकडी नसेल तर काँक्रीटच्या मजबूत इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वर. लाटा अनेक असतात, त्यांच्यात बराच वेळ जातो, आणि पहिली सहसा सर्वांत मोठी नसते. कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत १९६४ साली पहिल्या लाटा ओसरल्यावर लोक दुकानं साफ करायला परतले आणि चौथ्या लाटेने त्यांना गाठलं. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर भोंग्याची वाटच बघू नका. उगम जवळ असेल तर भोंगा वाजायच्या आत लाट येऊ शकते.

धरणाच्या भोंग्याला नदीपात्र ताबडतोब सोडा. कपडे, मोटार, जाळी, जनावराचा दोर, काहीही आवरत बसू नका. प्रवाहाला काटकोनात, सरळ काठाच्या चढाकडे जा. नदीच्या बरोबरीने खाली धावल्याने पाणी मागून गाठतं. आकाश निरभ्र असलं आणि पात्र कोरडं दिसलं तरीही. पाऊस वर कुठेतरी झालेला असतो. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी माणसाचा पाय निसटतो, ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. पाणी भरलेल्या पुलावर गाडी घालू नये, मग पलीकडे घर का असेना.

दूर: आग

वणव्याच्या इशाऱ्यात निघायचं ते लवकर, धूर दाटायच्या आधी. दोन रस्ते माहीत हवेत, कारण एक बंद होतोच. लांब बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. निघताना दारं-खिडक्या बंद करा, कुलूप लावण्यात वेळ घालवू नका.

माणसं

मुलं शाळेत असताना भोंगा वाजला तर त्यांना आणायला निघू नये, हा सगळ्यात जड नियम आहे. पण रस्त्यावर उतरलेले पालक स्वतः उघड्यावर सापडतात आणि मदतीच्या गाड्यांची वाट अडवतात. त्याऐवजी शाळेला आजच विचारा: मुलांना कुठे नेता, आम्हाला कसं कळवता, कुणाच्या ताब्यात देता? उत्तर ठोस असेल तर त्या दिवशी जागेवर थांबणं जमेल.

ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना उठवावं लागतं, जे एकटे राहतात, त्यांच्यासाठी नाव घेऊन माणूस ठरवा. ‘शेजारी बघतील’ ही व्यवस्था नव्हे. कोण दार ठोठावणार, त्याच्याकडे किल्ली आहे का, तो नसला तर दुसरा कोण, हे तिघांनाही माहीत हवं. कमी ऐकू येणाऱ्यांच्या फोनवर कंप आणि फ्लॅशचा इशारा चालू करा, रात्री फोन उशीखाली ठेवायला सांगा. कुटुंब पांगलं तर भेटायची एक जागा घराजवळ आणि एक वस्तीबाहेर ठरवा. बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर सगळ्यांना पाठ हवा.

दाराशी पिशवी असावी: पाणी, रोजची औषधं, चष्मा, टॉर्च, रेडिओ, चार्जर, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड, शिट्टी, जोडे. ती उचलायला जास्तीचे सेकंद लागणार असतील तर सोडून द्या.

धोका टळल्यावर

भोंगा थांबला म्हणजे धोका संपला असं नाही; ठरलेला सूर ऐकू येईपर्यंत किंवा अधिकृत संदेश मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. वायूच्या बाबतीत यानंतरची एक पायरी बरेच जण विसरतात. बंद घरात थोडा वायू झिरपलेलाच असतो, आणि बाहेरची हवा स्वच्छ झाली तरी आतली तशीच राहते. म्हणून इशारा उठताच सगळी दारं-खिडक्या उघडा, पंखे लावा आणि हवा बदलेपर्यंत स्वतः बाहेर थांबा. पुरानंतर वीज तपासल्याशिवाय सुरू करू नका. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता बाहेर या. हल्ल्यानंतर पडलेल्या अनोळखी वस्तूला हात लावू नका, लांबूनच पोलिसांना कळवा.

खोटा इशाराही कधीतरी येतो. हवाईत १३ जानेवारी २०१८ ला क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश चुकून फोनवर गेला आणि दुरुस्तीचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. अशा वेळी लोक चिडतात आणि पुढच्या भोंग्याला जागचे हलत नाहीत, याचीच मला जास्त काळजी वाटते. खोट्या इशाऱ्यात किती वेळात खोलीत पोचलो, काय सापडलं नाही, कोण मागे राहिलं, हे त्याच संध्याकाळी लिहून काढा.

चाचणीचा दिवस वाया घालवू नका

ऑस्ट्रियात दर शनिवारी दुपारी बाराला भोंगा तपासतात, फ्रान्समध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी, स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी. तुमच्याकडची वेळ शोधा आणि त्या दिवशी घरभर फिरून ऐका: झोपायच्या खोलीत, न्हाणीघरात, खिडक्या लावून आणि उघडून. एका वेळी एकाने घराबाहेर उभं राहावं. ऐकू आला नाही तर पत्ता, वेळ, वाऱ्याची दिशा आणि घरातली नेमकी जागा लिहून आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवा आणि पोच घ्या. एकाच गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकत्र कळवलं तर भोंग्याची जागा बदलायची किंवा नवा बसवायची मागणी टाळणं त्यांना अवघड जातं. पुढच्या चाचणीला पुन्हा ऐका, आणि फरक पडला नसेल तर पहिल्या अर्जाची पोच जोडून दुसरा अर्ज द्या.